पात्याचं दुसरं अंग

अंगठ्याला डोळे नसतात, पण वाट माहीत असते. मिटलेला चाकू तळहातावर आला की तो कुणाला न विचारता पात्याच्या पाठीवर उतरतो, गार पोलादावरून सावकाश पुढे सरकतो आणि एक बारीकशी खाच शोधू लागतो. नख अडकेल एवढीच ती खाच. पण तिच्यात नख अडकलं की मिटलेलं पातं जागं होतं, मुठीच्या चिरेतून वर येतं, उजेड अंगावर घेतं आणि एका बारीक आवाजासरशी सरळ होतं. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, सुतळीच्या, ग्रीसच्या आणि नव्या पत्र्याच्या मिसळलेल्या वासात, काचेच्या पेटीवर मांडलेले घडीचे चाकू मी एकामागून एक डाव्या हातात घेत होते. दुपारचं ऊन दुकानाच्या फळीपर्यंत येऊन थांबलं होतं, आत सगळा सावलीचा थंडावा होता, आणि दर वेळी माझा अंगठा त्या गुळगुळीत पोलादावरून पार टोकापर्यंत जाऊन रिकामा परत येत होता.

खाच पलीकडच्या अंगाला होती.

दुकानदार म्हातारे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडून चाकू घेतला, सहज उघडून दाखवला, "असा उघडायचा, ताई," म्हणाले आणि परत देताना तो माझ्या उजव्या हाताकडेच पुढे केला. उघडता मलाही येत होता. चाकू पालथा करायचा, मनगट आत वळवायचं, दुसऱ्या हाताच्या नखाची मदत घ्यायची, आणि पातं बाहेर आलं की मूठ बोटांतल्या बोटांत फिरवून पुन्हा सरळ धरायची. हे सगळं इतकं झटकन होतं की पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. हाताला मात्र ते दर वेळी नव्याने कळतं.

डावखुऱ्या माणसाचा दिवस अशा वळणांनी भरलेला असतो. कात्री डाव्या हातात धरली की पातं नेमकं खडूच्या रेघेवर येऊन बसतं आणि रेघ दिसेनाशी होते. कॉलेजातल्या खुर्चीची लिहायची फळी उजव्या कोपराखाली असते, डावं कोपर हवेत तरंगत राहतं. शाईचं पेन ओळीवरून पुढे जातं आणि त्याच्या मागून येणारा हात ओली अक्षरं पुसत येतो. माझ्या शाळेच्या दिवसांचा रंग कुणी विचारला तर मी करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवरची निळाई सांगेन. घरी येऊन साबणाने कितीही घासली तरी रात्री जेवताना दिव्याखाली ती पुन्हा उगवायची, अंधुक, जांभळट, पाऊस यायच्या आधी पश्चिमेला दिसते तशी.

आजीला ती निळाई आवडायची नाही असं नाही, पण देवासमोर डावा हात पुढे आलेला तिला चालत नसे. डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही. तीर्थ घेताना उजव्या हाताची ओंजळ वर आणि डावा हात खाली, आधाराला. मी तसंच करायची. पळीतलं तुळशीचं पाणी उजव्या तळव्यावर पडायचं आणि त्याचा गारवा मला का कोण जाणे खालच्या, डाव्या हातात जाणवायचा. आणि त्याच देवघरात, समईच्या पिवळ्या उजेडात, पितळेचा डाव्या सोंडेचा गणपती बसलेला असे. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळ्याचा, त्याचं सगळं वेळच्या वेळी आणि नेमाने व्हायला हवं. घराघरांत असतो तो डाव्या सोंडेचा. शांत, सोशिक, पोराबाळांचं मागेपुढे झालं तरी सांभाळून घेणारा. आजी त्याला दूर्वा वाहायची आणि मग बोटाने त्याच्या सोंडेकडे दाखवून माझ्याकडे बघायची. बोलायची काही नाही. घरात मामा तबला शिकत होते. तबल्याचे बोल लख्ख ऐकू यायचे, पण भिंतीला कान लावला की आरपार यायची ती डग्ग्याची घुमार, डाव्या हाताची.

स्वयंपाकघरात तर आजीचं राज्य निराळंच होतं. तिथे विळी होती. विळी हातात धरायची नसते. पाटावर पाय देऊन बसायचं, पातं आपल्यासमोर उभं, आणि भोपळा असो, फणस असो, मेथीची जुडी असो, दोन्ही हातांनी धरून त्या पात्यावर न्यायची. चिरणारं स्थिर, चिरलं जाणारं चालत येणार. कोणत्या हाताने जास्त जोर लावला हे विळी विचारत नाही. मी पहिल्यांदा मनासारखं काही चिरलं ते विळीवर: कोवळी काकडी, तिच्या चकत्यांमधून खिडकी दिसत होती. काम झालं की आजी विळीचं पातं पाटावर मिटवायची, त्याचाही एक आवाज होता, लाकडावर लोखंड टेकल्याचा. घरातला सगळ्यात मोठा घडीचा चाकू तोच, हे मला फार उशिरा जाणवलं. पण विळी खिशात घालून गावोगाव हिंडता येत नाही.

हिंडायचे ते बाबा. त्यांच्या खिशात चाकू असे आणि अजूनही असतो. काळ्या मुठीचा, पितळेच्या खिळ्यांचा, पातं धार लावून लावून अरुंद झालेलं. रेल्वेच्या प्रवासात, कर्जतच्या पुढे घाटात गाडी शिरली की ते रुमाल मांडीवर पसरत, पेरू काढत, चाकू उघडत. डब्यात बोगद्याचा काळोख आणि बोगद्यानंतरचा लख्ख उजेड आळीपाळीने यायचा. उजेडाच्या दर फेऱ्यात पेरूची आणखी एक फोड झालेली असायची, मीठ-तिखट लावलेली. आईला, भावाला ते फोड उजव्या हातात देत. माझी मात्र डाव्या हातात ठेवत. त्यांनी कधी त्याविषयी अवाक्षर काढलं नाही. फक्त एकदा, टीव्हीवर सचिन तेंडुलकर कुणा मुलाच्या वहीवर सही करत होता, तेव्हा त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. शतकं ठोकताना उजव्या हाताने खेळणारा तो माणूस सही डाव्या हाताने करत होता. मी बघत राहिले. बाबा पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

बाबांचा चाकू मी कितीदा हातात घेतला असेल. त्याची मूठ मला ओळखते, पण पातं त्यांचं आहे. त्याची खाच उजव्या अंगठ्याची वाट बघते. धारही त्यांच्या हाताने झिजलेली, एका बाजूला किंचित कललेली. मी सफरचंद सोलायला घेतलं की सालीची पट्टी जाड होत जाते, पातं गराकडे ओढ घेतं. वारशात मिळणाऱ्या वस्तूंनाही अंग असतं. म्हणून मला माझा चाकू हवा होता, रोजचा: शबनममध्ये टाकता येईल असा, गजऱ्याचा दोरा तोडायला, पार्सलची सुतळी कापायला, पेन्सिल तासायला, प्रवासात पेरू चिरायला.

हातांची ही वाटणी होते तरी केव्हा? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात पीटर हेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटातली बाळं पाहिली, अंगठा चोखणारी. ७५ मुलं. त्यांतली ६० उजवा अंगठा चोखत होती, १५ डावा. दहा-बारा वर्षांची झाल्यावर ती पुन्हा पाहिली, तर उजवा चोखणारी सगळीच्या सगळी उजवी निघाली आणि डावा चोखणाऱ्या पंधरांतली दहा डावखुरी. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं तेव्हा कितीतरी वेळ खिडकीशी बसून होते. म्हणजे आजीने हात मागे घ्यायला सांगितला त्याच्या फार आधी, कुंकवाच्या, पाटीच्या, कात्रीच्या आधी, आईच्या पोटातल्या त्या कोमट अंधारात, जिथे उजेडच नाही तिथे, एक अंगठा आपसूक ओठांशी आला होता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मला आठवलं की त्या आकडेवारीत डावा अंगठा चोखणारी पाच मुलं पुढे उजवी झाली. त्यांच्याविषयी मला अकारण माया वाटते. त्यांची वाट कुठे वळली असेल?

चाकूइतकी हाताची साक्ष ठेवणारी वस्तू दुसरी नसेल. निअँडर्थल आणि त्यांच्याही आधीच्या माणसांचे समोरचे दात सापडतात, क्रोएशियातल्या क्रापिनाच्या कपारीत, स्पेनमधल्या आतापुएर्काच्या गुहेत, आणि त्या दातांवर बारीक तिरपे ओरखडे असतात. मांसाचा किंवा कातड्याचा तुकडा दातांत धरायचा, दुसरं टोक एका हाताने ताणायचं आणि दुसऱ्या हातातल्या दगडी पात्याने मधोमध कापायचं. कापता कापता पातं दाताला लागायचं. ओरखडा कोणत्या दिशेला कललाय यावरून कापणारा हात कळतो. टांझानियातल्या ओल्डुवाईच्या घळीत मिळालेल्या, १८ लाख वर्षांपूर्वीच्या एका जबड्यावरही असे ओरखडे आहेत, उजव्या हाताचे. बहुतेक ओरखडे उजव्याचेच. पण अधूनमधून एखाद्या दातावर रेघा उलट्या कललेल्या सापडतात. त्या माणसाचं नाव, बोली, देव, सगळं मातीत गेलं. डावा हात तेवढा दातावर उरला. आजही दर दहा माणसांत साधारण एकच आमच्यातला. शेकोटीभोवती बसलेल्या त्या टोळीत कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं असेल का, की त्या दगडाच्या कपचीला अजून अंगच फुटलं नव्हतं?

दगडाच्या कपचीला खाच नसते, बिजागरी नसते, खटका नसतो. चाकू मिटायला लागला आणि त्याला डावं-उजवं आलं. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटला मिळालेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सहाशे-पाचशेच्या सुमाराचा. तेव्हापासून माणूस धार खिशात मिटवून हिंडतो आहे. मिटवायची म्हणजे उघडायची सोय हवी, उघडी राहिली पाहिजे म्हणजे अडकवायची सोय हवी, आणि प्रत्येक सोयीला कुठल्या तरी अंगाला जागा द्यावी लागते. आजकालच्या पुष्कळ चाकूंच्या मुठीत एक पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती सरकून त्याच्या मुळाशी ठाम बसते, आणि मिटवताना तिला अंगठ्याने बाजूला सारायचं. उजव्या हाताचा अंगठा तिथे आपोआप पोचतो. डाव्या मुठीत अंगठा पलीकडे राहतो आणि पट्टीशी तर्जनी येते, धारेच्या वाटेवरची. खिशाला अडकवायची पकड असते तीही बहुधा उजव्या खिशासाठीच बसवलेली. यात कुणाचा आकस नाही. चाकू घडवणाऱ्याने चाचपून पाहिला तो स्वतःच्या हातात, एवढंच.

त्या पावसाळ्यापूर्वीच्या रात्री मी अशाच घालवल्या, टेबलावरच्या दिव्याखाली, एकेका चाकूची रचना समजून घेत. बाहेर उकाडा, गुलमोहराच्या पाकळ्या गच्चीवर, आणि मनात नुसत्या खाचा, भोकं, खटके. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या गोल्डन गावचे सॅल ग्लेसर यांनी १९८१ मध्ये आपल्या स्पायडर्को चाकूच्या पात्याला खाचेऐवजी सरळ गोल भोक पाडलं. अंगठा भोकाच्या काठाला लावायचा आणि पातं ढकलायचं. भोक आरपार असतं. जे आरपार असतं त्याला अंग कुठलं? किती साधी, किती उदार कल्पना. चाकूच्या पाठीला खटका असलेली जात त्याहून जुनी. कॅलिफोर्नियातल्या बक कंपनीने १९६४ मध्ये आपला ११० क्रमांकाचा शिकारी चाकू काढला आणि तो खटका घरोघर पोचला. पाठ दाबली की पातं सुटतं. पाठीलाही डावं-उजवं नसतं, ती दोन्ही हातांच्या मधोमध चालते. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी तर आणखी सोपा: घडी घातलेल्या पत्र्याची मूठ, पात्याच्या शेपटाला एक छोटीशी जीभ, ती अंगठ्याने दाबली की पातं वर येतं, आणि चिरत असताना अंगठाच तिला धरून ठेवतो. खटका म्हणून काही नाहीच. एके काळी तिकडची शाळकरी मुलं त्याने पेन्सिली तासत. त्या मुलांतली डावखुरी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आली, लाकडाच्या कुरळ्या ढलप्या डाव्या मांडीवर पडताहेत.

कुणी मला विचारलं, डावखुऱ्या माणसाने कोणता चाकू घ्यावा, तर मी हेच सांगते: भोकाचा घे, पाठीच्या खटक्याचा घे, हिगोनोकामी मिळाला तर तोही. ज्याने हाताविषयी आधीच काही ठरवून ठेवलेलं नाही, असा घे. सल्ला चांगला आहे आणि मी त्यावर ठाम आहे. स्वतःसाठी मात्र मन तिथे थांबेना. जे सगळ्यांना सारखंच चालतं त्यात शहाणपण असतं, शांतता असते. पण आयुष्यात एकदा तरी अशी वस्तू हातात यावी असं वाटत होतं, की जी घडवताना कुणीतरी, कुठल्यातरी दूरच्या गावात, कानशीवरून मान वर करून क्षणभर माझ्या हाताचा विचार केला असेल.

मधे आषाढ आला आणि मी दापोलीला गेले. तिथल्या एका रोपवाटिकेत कोयकलमं बांधायचं काम चाललं होतं. पाऊस कौलांवर एकसुरी वाजत होता, गोणपाटाच्या आडोशाखाली ओल्या मातीचा, शेणखताचा आणि आंब्याच्या चिकाचा वास कोंडला होता. कोयींना नुकतेच फुटवे आलेले, पानं अजून तांबूस, हात लावला तर मऊ, पावसाच्या उजेडात आतून पेटल्यासारखी. खुंट वीतभराहून खाली छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला खाली पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गच्च बांधायची. पाचरेचा काप एका ओढीत आणि आरशासारखा सपाट यायला हवा. मधे फट राहिली, पाणी शिरलं, की जीव जीवाला धरत नाही. हे काम करायचे चाकू घडीचेच असतात, पण त्यांना धार एकाच अंगाने दिलेली असते. एक बाजू सपाट, दुसरीला उतार. सपाट बाजू लाकडाला टेकली तर काप सरळ येतो. उजव्या हातासाठी घडवलेला चाकू डाव्याने धरला की लाकडाला उतार टेकतो आणि काप नागमोडी होतो. इथे तर धारेलाच अंग होतं.

रांगेत बसलेल्या बायांमधल्या एक मावशी डाव्या हाताने पाचरी करत होत्या. एक ओढ, एक पाचर. दुसरी ओढ, दुसरं अंग. काडी चिरेत बसायची ती तिथेच जन्मल्यासारखी. मी जवळ जाऊन उकिडवी बसले आणि हात पुढे केला. त्यांनी एकवार माझ्या हाताकडे पाहिलं, कोणता हात पुढे आलाय ते पाहिलं, हसल्या आणि चाकू माझ्या डाव्या हातात दिला. पात्यावर चिकाचे काळे डाग होते. सपाटी माझ्या बाजूला होती.

"असा मिळतो?" मी विचारलं.

"मिळतो कुठला! नवा आला की आधी दगडावर घ्यायचा. उतार होता तिथे सपाटी आणायची, सपाटी होती तिथे उतार. वेळ लागतो. मग तो आपला."

जर्मनीत डावखुऱ्या माळ्यांसाठी असे चाकू मुळातच उलट्या धारेचे घडवतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं आहे त्यांचं," म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली. पाऊस वाढला. त्यांच्या बोटांतून कलमं एकामागून एक सुटत होती, ओल्या पिशव्यांच्या रांगेत जाऊन उभी राहत होती. इतक्या झाडांच्या सांध्यांत एका डाव्या हाताची ओढ मिटून गेली होती. कुठल्या बागेत, कुणाच्या परसात ती झाडं मोहरत असतील, आंबे देत असतील. खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसेल.

माझा चाकू शेवटी आला तो फ्रान्सहून. मामेबहीण ग्रेनोबलला असते. तिने येताना सामानाच्या बॅगेत, साडीच्या घडीत गुंडाळून आणला. विमानात जवळ ठेवता येत नाही, म्हणून. ओपिनेल, ८ नंबरचा, डावखुऱ्यांसाठी काढलेला. साव्वा या डोंगराळ मुलखात जोझेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० मध्ये पहिल्यांदा हा चाकू घडवला. घरचा धंदाच कोयते, कुऱ्हाडी आणि पाती बनवायचा. बीच लाकडाची गोलसर मूठ, तिच्यात एक चीर, चिरेत पातं. इतकंच. पुढे १ ते १२ नंबरचे आकार झाले. १९५५ मध्ये मुठीच्या गळ्याशी एक धातूचं कडं आलं, ते फिरवलं की पातं जागच्या जागी राहतं. पात्यावर मुकुट घातलेला हात कोरलेला असतो, आशीर्वादाला बोटं उचललेला. सेंट-जाँ-द-मोरियेन गावाच्या चिन्हातून घेतलेला. ज्याचं सगळं हातावर होतं त्या माणसाने पोलादावर हातच कोरावा, हे मला फार भावलं.

साडीच्या घडीतून तो बाहेर निघाला तेव्हा संध्याकाळचं तिरपं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं होतं. लाकूड फिकट, मधाळ, वार्निशचा पुसटसा वास. साडेआठ सेंटिमीटरचं पातं आत निजलेलं. मी तो डाव्या हातात घेतला. अंगठा सवयीने निघाला, गार पोलादावर उतरला, पुढे सरकला, आणि खाच त्याच्या पायाखालीच होती. मनगट वळलं नाही. पालथं काही करावं लागलं नाही. पातं उघडलं. कडं फिरलं. सगळं होऊन गेलं तरी हात अजून त्या वळणाची वाट बघत थांबलेला, इतकी वर्षं जे करत आलो ते आज करायचं नाही का, असं विचारत. डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लहानशा गोष्टीने यावं का? पण आलं.

बाबा तेव्हा घरी होते. त्यांनी तो हातात घेतला, मूठ चाचपली, लाकडाची नस पाहिली आणि अंगठ्याने उघडायला गेले. अंगठा पात्यावरून सरकत टोकापर्यंत गेला. ते थांबले. मग त्यांनी चाकू पालथा केला, मनगट आत वळवलं, दुसऱ्या हाताचं नख लावलं, पातं बाहेर काढलं आणि मूठ बोटांत फिरवून सरळ धरली. हे सगळं त्यांच्या थरथरत्या, सुरकुतल्या हातांनी हळूहळू केलं, म्हणून मला त्यातला कणन् कण दिसला. त्यांनाही काहीतरी दिसलं असावं. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तू हे रोज करतेस?" त्यांनी विचारलं.

मी ताटलीतली काकडी त्यांच्यासमोर सरकवली. ते म्हणाले, "कोच तू. मी खातो."

तेव्हापासून चाकू माझ्याबरोबर असतो. त्याच्याही ऋतूंची मला आता ओळख झाली आहे. वैशाखात लाकूड आकसतं, पातं मोकळं, जरा सैल होतं. मृग लागला, हवा ओली झाली, की मूठ फुगते, चीर पात्याला घट्ट धरून ठेवते, नखाला जोर लावावा लागतो. आणि खाच योग्य अंगाला असणं किती मोलाचं ते पावसाळ्यातच कळतं. फारच अडून बसला तर मुठीचा बुडखा टेबलावर टक्कन आपटायचा, पातं थोडं वर उसळतं. साव्वाकडच्या लोकांची ही जुनी युक्ती. ते बर्फात आपटत असतील, मी श्रावणात आपटते, शहाबादी फरशीच्या ओट्यावर.

धार मी घरीच लावते. दगड पाण्यात भिजत घालायचा, काळपट गाळ दगडावर यायला लागला की तो पुसायचा नाही, त्याच्यातूनच पातं फिरवत राहायचं. दुपारची वेळ, घर निजलेलं, आणि तो खरखर, सरसर, खरखर असा आवाज. पण वर्षातून एखाद्या वेळी गल्लीत सायकलवर चाक बसवलेला धारवाला येतो, त्याची आरोळी कोपऱ्यावरून वळते आणि मला राहवत नाही. या वेळी तो आला तेव्हा मी बाबांचा चाकू, सुऱ्या आणि माझा चाकू असं सगळं घेऊन खाली गेले. बाबांचा त्याने चाकाला लावला, ठिणग्यांची पिवळी पिसं उडाली, झाला. माझा उचलला, उघडला, धार आडवी धरून एका डोळ्याने तिच्यावरून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"एका अंगाने जास्त घासलाय," तो म्हणाला. "डाव्या हाताने लावता का?"

मी हो म्हटलं.

"सारखं करून देऊ दोन्हीकडून?"

"नको. आहे तसाच ठेवा, नुसती धार काढा," मी म्हटलं आणि विळी आणायला वर गेले.